दोन्ही बाह्या एकाच हाताच्या

माझा मावसभाऊ कटिंग मास्टर होता. शिवणकाम माहीत नसलेल्यांसाठी सांगतो, टेलरिंगच्या दुकानात मशीनवर बसणारे चार जण असले तरी कापडाला कात्री लावणारा बहुतेक वेळा एकच असतो. गिऱ्हाइकाचं माप वहीत असतं, कापड टेबलावर असतं आणि कुर्ता त्याच्या डोक्यात असतो. आडवं पसरलेलं कापड उभ्या माणसाच्या अंगावर कसं बसेल हे कात्री लावण्याआधी त्याला दिसावं लागतं. आमचा हा भाऊ वयाच्या बाविसाव्या वर्षी हे काम करायचा. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत त्याला इफ्तारलाही घरी यायला फुरसत नसे.

मग एका रमजानमध्ये त्याने एका कुर्त्याच्या दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या. बाहीचा मुंढा पुढून जास्त खोल असतो, मागून कमी. कापड दुहेरी घडीवर कापलं तर डावी-उजवी जोडी आपोआप निघते. कापड कमी पडलं की एकेरी कापावं लागतं, आणि दुसऱ्या बाहीच्या वेळी नमुना उलटा करून ठेवावा लागतो. हे त्याने शेकडो वेळा केलेलं. त्या दिवशी केलं नाही. मालकाने हसून सोडून दिलं, कापड पदरचं भरलं. आठवड्याने पुन्हा तेच. तिसऱ्यांदा झालं तेव्हा त्याला घरी बसवलं. रात्रीची जागरणं, भिंतीकडे बघून बोलणं, गल्लीतले लोक आपल्याबद्दलच कुजबुजतात हा संशय, हे सगळं नंतर आलं. किंवा आधीपासून असेल आणि आम्हाला दिसलं नसेल.

मी शिक्षक आहे, उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. बी.एड.ला मानसशास्त्राचा पेपर होता, मार्कही चांगले पडले होते. तरीही मी त्याला पहिलं वाक्य काय बोललो तर, "काम में दिल लगा, कामचोरी छोड." पुढची तीन-चार वर्षं हेच वाक्य मी वेगवेगळ्या शब्दांत बोलत राहिलो. हा लेख त्या वाक्याबद्दल आहे.

मधल्या काळात जे झालं ते बहुतेक घरांत होतं तसंच. खालाने त्याला एका आमिलकडे नेलं. ताबीज झाले, पाणी पढून आणलं, लोबानची धुनी झाली. त्याच सुमारास त्यांनी भाड्याचं घर बदललं. जुन्या घरात तो खिडकीकडे तोंड करून नमाज पढायचा. नव्या घरातही तो खिडकी बघून उभा राहिला, आणि ती खिडकी नेमकी उलट दिशेला होती. सांगितलं की वळायचा, दुसऱ्या वक्ताला पुन्हा चुकायचा. कधी उत्तरेला, कधी दक्षिणेला. खालाने हे आमिलला सांगितलं आणि त्याच्या हाती पुरावाच लागला. म्हणाला, बघा, ह्याच्या अंगात जे आहे ते ह्याला काब्याकडे तोंड करू देत नाही. खाला त्या रात्री इतकी रडली की तिचा बीपी वाढला. मला आजही त्या माणसाच्या पैसे घेण्याचा राग येत नाही, ह्या एका वाक्याचा येतो.

शेवटी जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात गेलो. डॉक्टरांनी त्याच्याशी आणि खालाशी वेगवेगळं बोलून स्किझोफ्रेनिया सांगितला. गोळ्या सुरू झाल्या, दोन-तीन महिन्यांत आवाज कमी झाले, झोप परत आली. सगळे म्हणाले, अल्हमदुलिल्लाह, आता बरा झाला. आणि लगेच पुढचा प्रश्न आला, मग कामावर का जात नाही?

ह्या प्रश्नाचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं. जिनवाल्यांकडे नव्हतं आणि आम्हा गोळीवाल्यांकडेही नव्हतं. ते मला फार उशिरा, वाचून वाचून मिळालं.

आधी नावाचा घोळ मिटवू. 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी 1908 मध्ये वापरात आणला. ग्रीक शब्दांचा अर्थ दुभंगलेलं मन. मराठीत आपण छिन्नमनस्कता म्हणतो. ह्या नावामुळे लोकांना वाटतं की एका माणसात दोन माणसं राहतात. हिंदी सिनेमाने ह्या गैरसमजावर बरेच पैसे कमावलेत. (मराठीत सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' त्यातला सन्माननीय अपवाद.) ब्लॉयलर यांना म्हणायचं होतं ते वेगळंच. विचार, भावना, आठवण, इच्छा ह्या सगळ्यांना एकत्र बांधणारा धागा सैल होतो, असं त्यांचं निरीक्षण होतं. जपानमध्ये जुन्या नावाचाही अर्थ 'मन फाटण्याचा आजार' असाच होता. रुग्णांच्या नातेवाइकांनी मागणी लावून धरली आणि 2002 मध्ये तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने नाव बदललं. नव्या नावाचा अर्थ साधारणपणे 'जुळवणीतला बिघाड' असा होतो. मला हे नाव आवडतं, कारण गेल्या तीसेक वर्षांतलं मेंदूचं संशोधन ह्याच दिशेने गेलं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे 2 कोटी 40 लाख लोकांना हा आजार आहे, म्हणजे दर तीनशे माणसांमागे साधारण एक. आपल्या मोहल्ल्यात किती माणसं आहेत त्याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

आता बाह्यांकडे येतो. 1992 मध्ये सोही पार्क आणि फिलिप होल्झमन ह्या दोघांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर क्षणभर एक ठिपका चमकतो आणि विझतो. काही सेकंद थांबायचं, तेवढ्या वेळात लक्ष दुसरीकडे वळवलं जातं. मग ठिपका जिथे होता त्या जागेकडे डोळे न्यायचे. बस, इतकंच. स्किझोफ्रेनिया असलेल्यांची जागा इतरांपेक्षा खूप जास्त वेळा चुकली. पण त्याच प्रयोगाचा दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ठिपका पडद्यावर तसाच ठेवला, विझवला नाही, तेव्हा त्यांना तिकडे बघायला अडचण आली नाही. डोळे ठीक होते, समजही ठीक होती. समोर नसलेली जागा मनात धरून ठेवणं, एवढंच निसटत होतं.

मेंदू अशी जागा धरून कसा ठेवतो हे पॅट्रिशिया गोल्डमन-राकिच यांनी माकडांवरच्या अभ्यासातून त्याआधीच दाखवलं होतं. कपाळामागच्या भागात अशा पेशी असतात की ठिपका विझल्यावरही, उत्तर द्यायची वेळ येईपर्यंत, त्या काम करत राहतात. एक पेशी एका दिशेसाठी, दुसरी दुसऱ्या दिशेसाठी. ही पाटी फार लहान असते आणि लगेच पुसली जाते, पण आपलं अर्धं काम तिच्यावर चालतं. नमुना मनातल्या मनात उलटा करायचा आणि कात्री फिरेपर्यंत तसाच धरून ठेवायचा, हे त्या पाटीशिवाय कसं व्हावं?

जागेचं भान मात्र एकट्या ह्या भागाचं नाही. कानामागे, मेंदूत खोलवर हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आहे. जॉन ओकीफ यांनी 1971 मध्ये उंदरांत दाखवलं की उंदीर खोलीतल्या ठराविक ठिकाणी गेला की तिथली ठराविक पेशी जागी होते. पुढे मे-ब्रिट आणि एडवर्ड मोसर यांनी शेजारच्या भागात जागेची आखणी करणाऱ्या पेशी शोधल्या. ह्या तिघांना 2014 चं नोबेल मिळालं. डोक्याच्या वरच्या-मागच्या भागात वस्तू आपल्या शरीराच्या कुठल्या बाजूला आहे ह्याचा हिशेब चालतो. नव्या घरात किब्ला ओळखायचा तर ह्या सगळ्यांनी एकमेकांशी बोलायला हवं. जुनी खिडकी विसरायची, नवी लक्षात ठेवायची, दार कुठे, मशीद कुठल्या अंगाला आणि मी कुणीकडे तोंड करून उभा आहे, हे सगळं जोडायचं. आपण हे एका क्षणात करतो म्हणून ते सोपं वाटतं.

1990 च्या दशकात कार्ल फ्रिस्टन आणि क्रिस फ्रिथ यांनी मांडलं की स्किझोफ्रेनियातला दोष मेंदूच्या एखाद्या कोपऱ्यात शोधून सापडणार नाही, तो कोपऱ्यांच्या आपसातल्या संबंधात आहे. त्यांच्या मांडणीला इंग्रजीत दोन शब्द वापरले जातात. एकाचा अर्थ 'संबंध तुटणं', दुसऱ्याचा 'संबंध बिघडणं', आणि दुसराच शब्द बरोबर आहे असं फ्रिस्टन पुढे आग्रहाने सांगत आले. हा भाषेच्या मास्तरला आवडणारा बारकावा आहे, पण त्यात दमही आहे. पुढे एमआरआयने मेंदूतले संबंध मोजता येऊ लागले तेव्हा थॅलॅमस ह्या मधल्या भागाबाबत अनेक अभ्यासांत एकच गोष्ट आढळली. त्याचा कपाळामागच्या भागाशी संबंध सरासरीने कमी आणि संवेदना व हालचालींच्या भागांशी संबंध नेहमीपेक्षा जास्त. एकीकडे कमी, दुसरीकडे जास्त. तार तुटली म्हणून दिवा गेला, असं साधं हे प्रकरण नाही.

आवाज ऐकू येण्याचंही एक स्पष्टीकरण ह्याच वाटेने जातं. आपण बोलतो किंवा हात हलवतो तेव्हा मेंदूचा एक भाग दुसऱ्याला आगाऊ कळवतो की हे मीच करतोय, दचकू नको. म्हणून स्वतःला गुदगुल्या होत नाहीत. 2000 मध्ये सारा-जेन ब्लेकमोर, फ्रिथ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ज्यांना आवाज ऐकू येतात, किंवा कुणीतरी आपल्याला चालवतंय असं ज्यांना वाटतं, त्यांना स्वतःच्या हाताचा स्पर्श दुसऱ्याने केल्याइतकाच तीव्र लागतो. आगाऊ सूचना पोचत नाही. मग मनातलं आपलंच बोलणं परक्याचं वाटलं तर नवल काय? हे वाचलं तेव्हा मला आमच्या भावाचं एक वाक्य आठवलं. "भाई, आवाज बाहर से नहीं आता, लेकिन मेरा भी नहीं है." आम्ही तेव्हा हसलो होतो.

कुणी म्हणेल, ही सगळी गोळ्यांची करामत असेल, गोळ्यांनीच डोकं बधिर होतं. गोळ्यांनी सुस्ती येते, हात थरथरतो, वजन वाढतं, हे खरंच आहे आणि डॉक्टरांशी त्याबद्दल भांडायलाही हवं. पण पार्क, होल्झमन आणि गोल्डमन-राकिच यांनी 1995 मध्ये रुग्णांच्या निरोगी नातेवाइकांना तपासलं. ज्यांना आजार नाही, गोळी नाही, त्यांच्यातही जागा लक्षात ठेवण्यातली हीच उणीव सौम्य रूपात दिसली. आणि आमच्या घरात तर बाह्या पहिल्या गोळीच्या आधी चुकल्या होत्या. गोळ्या आवाजांवर आणि संशयावर काम करतात. ही पाटी पुन्हा धरून ठेवायला त्या फारशी मदत करत नाहीत, आणि माणूस कामावर परत जाऊ शकेल की नाही हे बरंचसं ह्या पाटीवर ठरतं. 'बरा झाला, मग काम का करत नाही' ह्याचं उत्तर हे होतं.

इथे एक इशारा द्यायला हवा, कारण हे वाचून कुणी एमआरआय काढायला धावेल. आमच्याकडेही एका हितचिंतकाने सांगितलं होतं की एकदा मोठ्या सेंटरला मेंदूचा फोटो काढा, सगळं कळेल. खाला बांगडी मोडायला निघाली होती. वर सांगितलेले फरक शेकडो माणसांच्या सरासरीचे आहेत. हिप्पोकॅम्पस रुग्णांमध्ये सरासरीने थोडा लहान आढळतो, पण कितीतरी निरोगी लोकांचाही लहान असतो. एका माणसाचा स्कॅन बघून त्याला स्किझोफ्रेनिया आहे की नाही हे आज सांगता येत नाही. डॉक्टर स्कॅन सांगतात ते बहुधा गाठ किंवा दुसरा आजार नाही ना हे बघायला. निदान अजूनही बोलूनच होतं. बांगडी मोडली नाही. तो पैसा नंतर औषधांना लागला.

आता आपल्या घरातलं बोलू. तामिळनाडूतल्या एरवाडीला दर्गा आहे. मनोरुग्णांना तिथे आणून ठेवायची जुनी रीत. दर्ग्याच्या आसपास खासगी 'घरं' निघाली, पैसे घेऊन रुग्ण ठेवणारी. 6 ऑगस्ट 2001 ला पहाटे त्यातल्या एका झावळ्यांच्या शेडला आग लागली. आतले लोक साखळीने बांधलेले होते. 28 माणसं गेली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि पुढे 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने कुठल्याही स्वरूपात साखळीने बांधण्यावर थेट बंदी घातली. महाराष्ट्रात 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, त्यातही भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं, बांधणं हा गुन्हा आहे. हा कायदा आला तेव्हा आपल्यातल्या काहींनी 'हा त्यांचा मामला आहे' म्हणून दुर्लक्ष केलं. जणू आपल्याकडे कुणाला मिरचीची धुनी कधी दिलीच गेली नाही.

पण दर्गा बंद करा असं मी म्हणणार नाही. खालाला तिथे जाऊन रडता येतं, तेवढं मोकळं रडणं तिला सरकारी दवाखान्याच्या बाकावर जमत नाही. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा इथे मीरा दातार दर्ग्यावर 'दवा आणि दुआ' नावाचा उपक्रम चालला. मुजावरांना आजाराची लक्षणं समजावून दिली गेली. डॉक्टर दर्ग्याच्या आवारातच बसू लागले. मुजावर दुआ करायचे आणि मग सांगायचे, आता तिकडे जाऊन गोळीही घ्या. बाबांकडून आलेला माणूस डॉक्टरचं ऐकतो, डॉक्टरकडून आलेला माणूस बाबांचं ऐकेलच असं नाही. ज्याने हे ओळखलं त्याला आपली माणसं कळत होती. महाराष्ट्रातल्या मोठ्या दर्ग्यांच्या ट्रस्टींनी हे का करू नये, हा माझा साधा प्रश्न आहे. उरुसाच्या रोषणाईला वर्गणी जमते.

आपल्या जलशांत अल-राझी आणि इब्न सीना यांची नावं मोठ्या अभिमानाने घेतली जातात. 1284 मध्ये कैरोत सुलतान कलावूनने बांधलेल्या दवाखान्यात मनोरुग्णांसाठी वेगळी सोय होती, 1488 मध्ये एदिर्नेला बांधलेल्या दवाखान्यात त्यांना संगीत ऐकवलं जाई, हेही सांगितलं जातं. खरं आहे. पण तेच वक्ते घरातल्या मुलाला मानसोपचाराच्या ओपीडीत नेताना तोंडाला रुमाल बांधून जातात, आणि मुलीच्या निकाहच्या वेळी गोळ्यांची पिशवी लपवतात. शरियतने वेड लागलेल्या माणसाला, तो शुद्धीवर येईपर्यंत, फर्जातून मोकळं केलं आहे. तो परत येऊ शकतो हे त्यात गृहीत आहे. आपण ते गृहीत धरत नाही.

किब्ल्याचं पुढे असं झालं. मी आमच्या मशिदीच्या इमामसाहेबांना जाऊन विचारलं. ते शांतपणे म्हणाले, दिशा कळत नसेल आणि माणसाने आपल्या परीने अंदाज करून नमाज पढली, तर दिशा चुकली तरी नमाज होते, हा जुना मसला आहे, त्यात जिन कुठून आला? मग म्हणाले, भिंतीवर बाण चिकटवा ना. मी घरी जाऊन काळ्या मार्करने पुठ्ठ्यावर बाण काढला आणि लावला. त्या दिवसापासून एकदाही चुकलं नाही. ठिपका विझू दिला नाही की अडचण येत नाही, हे पार्क आणि होल्झमन यांचं म्हणणं मी पुढे वाचलं. इमामसाहेबांनी ते वाचलं नव्हतं.

मला माझीच लाज वाटली ती इथे. माझ्या वर्गात पाचवीची मुलं उर्दूची वही मराठीच्या बाजूने उघडतात, एक ओळ उजवीकडून लिहितात आणि दुसरी डावीकडून. मी कधी त्यांना कामचोर म्हटलं नाही. समासात लाल रेघ मारून देतो, इथून सुरू करा म्हणून. घरच्या माणसाला मात्र रेघ मारून द्यायचं सुचायला पाच वर्षं लागली.

मग बाह्या. आम्ही जाड कागदाचे नमुने केले, उजव्या बाहीचा हिरवा आणि डाव्याचा पिवळा, दोन्ही वेगळे. उलटवायचं कामच ठेवलं नाही. कुर्त्याचा प्रत्येक भाग कापायचा क्रम मोठ्या अक्षरांत टेबलासमोर लावला. जुन्या मालकाने परत घेतलं नाही, पण एका ओळखीच्या टेलरने काज-बटण आणि तुरपाईवर घेतलं, आणि आठवड्यातून दोन दिवस साधे कुर्ते कापू देतो. वेग पूर्वीच्या निम्माही नाही. रोज मिळते तीही निम्मी. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी मी दोन वर्षं मागे लागलो होतो. 2016 च्या कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे, पण खाला तयार नव्हती. 'मेरे बच्चे को सरकार के काग़ज़ पे पागल लिखवाएगा?' असं तिने मला सगळ्यांसमोर विचारलं होतं. मागच्या महिन्यात ती स्वतःच म्हणाली, अर्ज भर.

तपासणीची तारीख येत्या जुमेरातीची मिळाली आहे. जुमेरात खालाचा दर्ग्याला जायचा दिवस. सकाळी सातच्या एसटीने आधी दवाखाना, येताना दर्गा, असं ठरलंय. कुणाला ह्याबद्दल विचारायचं असेल आणि घरात बोलता येत नसेल, तर 14416 हा सरकारचा टेली-मानसचा नंबर आहे. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.